इंग्रजी शब्दसंग्रह वाढवताना: शब्द निवडण्यापासून तो सहज वापरण्यापर्यंत

इंग्रजी लेख न अडखळता वाचता येतो, भाषण ऐकून समजतं, पण स्वतः चार ओळी लिहायला बसलं की ‘गुड’, ‘बॅड’, ‘व्हेरी’, ‘प्रॉब्लेम’, ‘थिंग’ याच शब्दांवर गाडी येऊन थांबते. ज्यांचं असं होतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. व्याकरणाचा पाया झाला आहे, रोजचे शब्द येतात आणि आता पुढचा टप्पा गाठायचा आहे, असं मी धरून चालतो.

या टप्प्यावर बहुतेक जण अवघड शब्दांची लांबलचक यादी पाठ करायला घेतात. दोन आठवड्यांत कंटाळा येतो, आणि त्यातून जे शब्द डोक्यात उरतात ते नेमके नको त्या जागी वापरले जातात. याचं कारण साधं आहे. यादीत शब्दाचा अर्थ तेवढा मिळतो. शब्द आपला व्हायचा तर त्याचा उच्चार यावा लागतो, तो कोणत्या शब्दांच्या सोबतीनं येतो हे माहीत असावं लागतं, आणि तो कुठे शोभतो, कुठे खटकतो, याचा अंदाज लागतो. आठवड्याला दहा-बाराच शब्द घ्या, पण असे सगळ्या अंगांनी घ्या. रोज पन्नास शब्द घोकणाऱ्यापेक्षा तुम्ही वर्षअखेरीस पुष्कळ पुढे असाल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

किती शब्द आणि कोणते

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे २० खंड आहेत. ते पाहून छाती दडपते, पण घाबरायचं कारण नाही. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतल्या सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. कोणत्याही सर्वसाधारण मजकुरातला फार मोठा भाग एवढ्या शब्दांतच उरकतो. हे शब्द तुम्हाला येतातच. त्यानंतर ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुटुंबांची ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’ तयार केली. अभ्यासाच्या आणि विचारप्रधान लेखनातला साधारण दहावा हिस्सा या शब्दांनी व्यापलेला असतो. शब्दकुटुंब म्हणजे एकाच शब्दाचा गोतावळा: ‘ॲनलाइज’, ‘ॲनॅलिसिस’, ‘ॲनलिस्ट’, ‘ॲनलिटिकल’ हे सगळे मिळून एक. आणि कादंबरी किंवा वर्तमानपत्र शब्दकोश बाजूला ठेवून वाचायचं, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असायला हवेत, तर पॉल नेशन यांच्या हिशोबानं ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात.

या आकड्यांवरून क्रम ठरतो. आधी ती ५७० कुटुंबं पक्की करा. त्यात ‘आर्बिट्ररी’, ‘ॲम्बिग्युअस’, ‘कोहिअरंट’, ‘इन्हेरंट’, ‘सबसिक्वंट’, ‘रिलक्टन्स’ असे शब्द आहेत. दिसायला भारदस्त नाहीत, पण विचार नेमका मांडायचा तर त्यांच्यावाचून पान हलत नाही. पुढचे शब्द मात्र यादीतून घेऊ नयेत, स्वतःच्या वाचनातून घ्यावेत. एखादा शब्द दुसऱ्यांदा समोर आला आणि ‘हा मला अमुक ठिकाणी वापरता आला असता’ असं वाटलं, तर तो वहीत उतरवा. पहिल्यांदाच दिसलेल्या प्रत्येक अनोळखी शब्दामागे धावू नका. त्यातले पुष्कळ शब्द पुन्हा वर्षभर भेटत नाहीत.

शब्दकोशात काय वाचायचं

इंग्रजी-मराठी शब्दकोश झटपट उलगडा व्हायला चांगला, विशेषतः वस्तूंच्या, वनस्पतींच्या किंवा कायद्याच्या संज्ञांसाठी. पण प्रगत शब्द शिकताना मुख्य आधार इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशाचाच हवा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना अशा कोशाचं काम हाती घेतलं. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापला; आजचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश तो हाच. १९७८ च्या ‘लाँगमन’नं व्याख्यांसाठी सुमारे २,००० सोप्या शब्दांचीच मर्यादा घालून घेतली. १९८७ च्या ‘कोबिल्ड’मध्ये व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली जाते, त्यामुळे शब्द वाक्यात कसा बसतो हे अर्थ वाचतानाच कळतं. हे कोश आता ऑनलाइन उपलब्ध आहेत आणि त्यांच्यात उच्चारही ऐकता येतो.

कोश उघडल्यावर अर्थाची पहिली ओळ वाचून लगेच मिटू नका. उच्चार ऐका. क्रियापद असेल तर त्याला कर्म लागतं का ते बघा. नाम असेल तर मोजता येणारं आहे का ते बघा, कारण ‘ॲडव्हायसेस’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘फर्निचर्स’ या चुका इथेच टळतात. मग ‘फॉर्मल’, ‘लिटररी’, ‘डिसअप्रूव्हिंग’ अशी बारीक अक्षरातली खूण शोधा. शेवटी उदाहरणं वाचा आणि त्यातलं एक जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या. माझ्या मते उदाहरण हा कोशातला सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि घाईत तोच आधी सुटतो.

उच्चार: आधी आघात, मग अक्षरं

इंग्रजीत लिहितात एक आणि बोलतात दुसरं, ही तक्रार जुनी आहे. पण मराठी माणसाला त्याहून मोठी अडचण आघाताची येते. मराठीत आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांवर जवळपास सारखाच जोर देतो. इंग्रजीत एक अक्षर ठसठशीत उठतं आणि बाकीची दबतात. दबलेल्या अक्षरातला स्वर बहुधा आपल्या ऱ्हस्व ‘अ’सारखा पुसट होतो. ऐकणारा शब्द ओळखतो तो पुष्कळदा या उठलेल्या अक्षरावरूनच. म्हणून आघात चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही समोरचा ‘पुन्हा सांगा’ म्हणतो.

‘फोटोग्राफ’ घ्या. ‘फो-ट-ग्राफ’, आघात पहिल्या अक्षरावर. ‘फोटोग्राफी’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द ‘फ-टॉ-ग्र-फी’ होतो. ‘फोटोग्राफिक’मध्ये तो तिसऱ्यावर जातो: ‘फो-ट-ग्रॅ-फिक’. आघात हलला की त्याच्याबरोबर स्वरही बदलतात, हे इथे स्पष्ट ऐकू येतं. हे तीन शब्द एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणून बघा. कान तयार करायला यापेक्षा चांगला सराव नाही.

आघाताला थोडे नियम आहेत आणि ते उपयोगी पडतात. शेवट ‘-शन’, ‘-इक’ किंवा ‘-इटी’ असा असेल तर आघात त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर येतो. ‘इ-कॉ-न-मी’ पण ‘ई-क-नॉ-मिक’. ‘जे-न-रस’ पण ‘जे-न-रॉ-सि-टी’. ‘पॉलिटिक्स’, ‘कॅथलिक’ असे अपवाद आहेत, त्यांत पहिलंच अक्षर उठतं. दुसरा नियम दोन अक्षरी जोड्यांचा. ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘कंडक्ट’ हे शब्द नाम असतील तर आघात पहिल्या अक्षरावर, क्रियापद असतील तर दुसऱ्यावर. ‘अ रे-कॉर्ड’ पण ‘टु रि-कॉर्ड’. तिसरी गोष्ट नियमात बसत नाही, ती पाठच करावी लागते: ‘डि-व्हे-लप’मध्ये ‘व्हे’ उठतो, ‘डि-टर-मिन’मध्ये ‘टर’ उठतो आणि शेवट ‘माइन’ होत नाही. ‘प्रनाउन्स’चं नाम करताना ‘नाउन’ जातो आणि ‘प्र-नन्-सि-ए-शन’ होतं.

आता ध्वनींकडे. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन वेगळे ध्वनी मराठीत एका ‘व’मध्ये मिसळतात. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. ‘डब्ल्यू’साठी दात कुठेच लावायचे नाहीत, ओठांचा गोल करायचा. मराठी लेखनात ‘व्हिडिओ’तल्या ‘व्ही’साठी ‘व्ह’ लिहितात ते ठीक, पण पांढऱ्यासाठीचा ‘व्हाइट’ आणि कधीसाठीचा ‘व्हेन’सुद्धा आपण ‘व्ह’नंच लिहितो, आणि मग जीभही तसंच बोलायला लागते. या शब्दांत ओठ गोलच हवेत. ‘झेड’ म्हणजे ‘झाडा’तला ‘झ’ नव्हे. ‘स’ लांबवून धरा आणि तसंच धरून त्यात घशाचा आवाज मिसळा, तो ‘झेड’. याच पद्धतीनं ‘श’ लांबवून त्यात आवाज मिसळला की ‘प्लेझर’, ‘मेझर’, ‘व्हिजन’ यांमधला मधला ध्वनी मिळतो. याला देवनागरीत नेमकं चिन्ह नाही, म्हणून हे शब्द ऐकूनच शिकायला हवेत. देवनागरीत उच्चार लिहून ठेवणं ही चांगली सवय आहे. फक्त ते टिपण झालं, उच्चाराचा पुरावा कानानंच घ्यायचा.

मूक अक्षरांची भीती त्यांचा इतिहास कळला की कमी होते. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मध्ये ‘बी’ लिहितात, पण तो इंग्रजीत उच्चारला जात नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. लॅटिन ‘डेबिटम’शी नातं दाखवायला विद्वानांनी तो मागाहून घातला. ‘सटल’मधला ‘बी’, ‘रिसीट’मधला ‘पी’ आणि आरोप ठेवणे या अर्थाच्या ‘इन्-डाइट’मधला ‘सी’ हे याच ओढीतून आलेले. बेट या अर्थाच्या ‘आयलंड’मधला ‘एस’ तर ‘आइल’ या निराळ्या शब्दाच्या प्रभावानं चिकटला.

फक्त वाचून ओळख झालेले शब्द सर्वांत धोक्याचे, कारण त्यांचा उच्चार आपण मनातल्या मनात बनवून टाकलेला असतो. मूर्तिमंत उदाहरण या अर्थाचा शब्द ‘एपिटोम’ नसून ‘इ-पि-ट-मी’ आहे. अतिशयोक्तीसाठीचा शब्द ‘हाय-पर-ब-ली’. दर्शनी भाग किंवा वरवरचा मुखवटा म्हणजे ‘फ-साड’. बिनसलेला या अर्थी ‘अ-राय’; त्याला ‘ऑ-री’ म्हणू नका. खोडकर म्हणजे ‘मिस्-चि-व्हस’, तीनच अक्षरं. ‘जरी असलं तरी’ या अर्थाचा ‘ऑल-बी-इट’ हा ‘ऑल’, ‘बी’, ‘इट’ असाच तुटतो. वहीतला प्रत्येक नवा शब्द कोशात ऐकल्याशिवाय वापरायचा नाही, एवढा दंडक पाळला तर हा धोका संपतो. ‘युग्लिश’ या संकेतस्थळावर शब्द टाकला की खऱ्या भाषणांतले आणि मुलाखतींतले तुकडे ऐकायला मिळतात. एकच शब्द चार जणांच्या तोंडून ऐकावा.

शब्दाची सोबत

मराठीत आपण हाक मारतो, शपथ घेतो, पैज लावतो आणि उपास धरतो. हाक ‘करतो’ किंवा शपथ ‘लावतो’ असं कुणी म्हणालं तर अर्थ कळेल, पण कानाला खटकेल. इंग्रजीतही शब्दांच्या जोड्या अशाच ठरलेल्या आहेत. निष्कर्ष ‘ड्रॉ’ करतात किंवा ‘रीच’ करतात. गुन्हा ‘कमिट’ होतो. धोका ‘टेक’ करतात, ‘रन’ही करतात, आणि एखादी गोष्ट धोका ‘पोझ’ करते. पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ आणि थंडी ‘बिटर’. शिफारस ‘स्ट्राँगली’ करतात, खेद ‘डीपली’ वाटतो, आणि जे घडणं अवघड ते ‘हायली अनलाइकली’ असतं. प्रगत इंग्रजीची खरी ओळख अशा जोड्यांमधून पटते. साधे शब्द योग्य सोबतीत आले तर लेखन प्रौढ वाटतं. भारी शब्द एकटाच आणून बसवला तर ते उसनं दिसतं.

शब्दयोगी अव्ययांचंही तसंच. ‘कंप्लाय’नंतर ‘विथ’ हवं, ‘कन्ड्यूसिव्ह’नंतर ‘टु’, ‘इन्हेरंट’नंतर ‘इन’, ‘इंडिफरंट’नंतर ‘टु’. याउलट ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ नको आणि ‘एम्फसाइज’ला ‘ऑन’ नको. मराठीतल्या ‘विषयी’ आणि ‘वर’ यांच्या ओघात ते आपोआप येऊन बसतात. शब्द वहीत लिहितानाच त्याचं अव्यय जोडून लिहावं. ‘कन्ड्यूसिव्ह’ असा सुटा शब्द लिहूच नये, ‘कन्ड्यूसिव्ह टु’ असंच लिहावं.

जोडी बरोबर आहे का अशी शंका आली तर कॉर्पस, म्हणजे खऱ्या लेखनाचा आणि बोलण्याचा शोधता येणारा साठा, उघडा. ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’मध्ये १० कोटी शब्दांचा मजकूर आहे, आणि ‘कॉर्पस ऑफ कन्टेम्पररी अमेरिकन इंग्लिश’मध्ये १०० कोटींहून अधिक. शब्द टाकला की त्याच्या आगेमागे काय येतं ते ओळीनं दिसतं. दहा ओळी वाचल्या की व्याख्येत न सापडलेलं पुष्कळ काही हाती लागतं.

एक शब्द जवळून: ‘मिटिगेट’

ही सगळी पद्धत एका शब्दावर चालवून बघू. उच्चार ‘मि-टि-गेट’, आघात पहिल्या अक्षरावर. लॅटिनमध्ये ‘मिटिस’ म्हणजे मऊ, सौम्य. म्हणून ‘मिटिगेट’ म्हणजे एखाद्या वाईट गोष्टीची तीव्रता कमी करणं. ती गोष्ट नाहीशी होत नाही, सौम्य होते, हा बारकावा महत्त्वाचा.

त्याची सोबत पाहिली तर पुढे बहुतेक वेळा ‘रिस्क’, ‘इफेक्ट्स’, ‘इम्पॅक्ट’ किंवा ‘डॅमेज’ येतं. त्याला थेट कर्म लागतं: ‘अर्ली वॉर्निंग कॅन मिटिगेट द इम्पॅक्ट ऑफ अ फ्लड.’ कायद्याच्या भाषेत ‘मिटिगेटिंग सरकमस्टन्सेस’ म्हणजे गुन्ह्याचं गांभीर्य थोडं कमी ठरवणारी परिस्थिती. हवामानबदलाच्या चर्चेत ‘मिटिगेशन’ म्हणजे हरितगृह वायूंचं उत्सर्जन घटवणं, आणि झालेल्या बदलाशी जुळवून घेणं म्हणजे ‘ॲडॅप्टेशन’. तिथे या दोन शब्दांची अदलाबदल चालत नाही. आणि ‘अनमिटिगेटेड’चा अर्थ ‘निव्वळ, निखालस’ असा होतो: ‘ॲन अनमिटिगेटेड डिझास्टर’.

एक चूक इथे फार आढळते, ती म्हणजे ‘मिटिगेट अगेन्स्ट’. ‘अगेन्स्ट’ घेणारा शब्द निराळा, तो ‘मिलिटेट’. म्हणजे एखाद्या गोष्टीच्या विरोधात जाणं, तिला अडसर ठरणं. ‘लॅक ऑफ स्लीप मिलिटेट्स अगेन्स्ट गुड जजमेंट.’

आता शेजारचे शब्द. दुःख, वेदना, गरिबी हलकी करायची तर ‘अलीव्हिएट’. भीती, शंका शांत करायच्या तर ‘अले’, आघात ‘ले’वर. अपराधी भावना किंवा भूक शमवायची तर ‘असुएज’, म्हणजे ‘अ-स्वेज’. चौघांचाही अर्थ मराठीत ‘कमी करणे’ असाच लिहिला जाईल, पण काय कमी करायचं त्याप्रमाणे शब्द बदलतो. एका शब्दाला असा अर्धा तास दिला की चार शब्द पदरात पडतात, आणि ते एकमेकांत गोंधळत नाहीत.

शब्दाचं वजन

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर राजदरबाराची आणि न्यायालयाची भाषा कित्येक पिढ्या फ्रेंच होती, आणि पुढे विद्वानांनी लॅटिनमधून थेट शब्द आणले. म्हणून इंग्रजीत एका कल्पनेला अनेकदा तीन थर असतात: देशी ‘आस्क’, फ्रेंच ‘क्वेश्चन’, लॅटिन ‘इंटरॉगेट’. खालच्या थरातला शब्द जवळचा आणि घरगुती, वरचा औपचारिक. ‘इंटरॉगेट’ तर पोलीस करतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी आणि जल, विचारणं आणि पृच्छा करणं यांतला फरक आपल्या कानाला आपोआप कळतो. तोच कान इंग्रजीसाठी वापरायचा. मित्राला ‘आय शॅल कमेन्स माय डिनर’ लिहिलं तर ते मराठीत ‘मी भोजनास प्रारंभ करीत आहे’ म्हटल्यासारखंच वाटेल.

औपचारिकतेइतकाच शब्दाचा कल महत्त्वाचा. ‘फ्रूगल’ आणि ‘थ्रिफ्टी’ म्हणजे काटकसरी, यात कौतुक आहे. ‘स्टिंजी’ म्हणजे चिक्कू. ‘पार्सिमोनियस’ म्हणजेही चिकट, फक्त औपचारिक पोशाखात. पीटर मार्क रॉजे यांचा समानार्थी शब्दांचा कोश १८५२ मध्ये निघाला. तेव्हापासून असे कोश लिहिणाऱ्यांच्या हाताशी आहेत, आणि त्यांच्याइतका गैरवापर क्वचितच कुठल्या साधनाचा होत असेल. समानार्थी कोशातून शब्द उचलायचा तर जो आधीपासून अर्धामुर्धा ओळखीचा आहे तोच उचलावा. पूर्ण अनोळखी शब्द आधी साध्या कोशात बघावा.

मुळांचा उपयोग आणि मुळांचा चकवा

लॅटिन-ग्रीक मुळं कळली की अंदाज बांधता येतो. ‘डिक्ट’ म्हणजे बोलणं: ‘प्रेडिक्ट’, ‘कॉन्ट्रडिक्ट’, ‘व्हर्डिक्ट’. ‘रप्ट’ म्हणजे तुटणं: ‘इंटरप्ट’, ‘इरप्ट’, ‘डिसरप्ट’. ‘बेने’ चांगलं, ‘मॅल’ वाईट: ‘बेनेव्होलंट’ हितचिंतक, ‘मलेव्होलंट’ वाईट चिंतणारा. ग्रीक ‘अ-/अन्-’ आणि संस्कृत ‘अ-/अन्-’ एकाच मुळातून आलेले आहेत आणि त्यांची वागणूकही तीच आहे, स्वरापुढे ‘अन्’ आणि व्यंजनापुढे ‘अ’. आपल्याकडे अनादी आणि अज्ञात, तसे तिकडे ‘ॲनार्की’ आणि ‘ॲपथी’. हे नातं एकदा लक्षात आलं की ग्रीक शब्द परके वाटत नाहीत.

मुळांवर डोळे झाकून विसंबू मात्र नये. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे अमूल्य, कवडीमोल नव्हे. ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारा, ‘फ्लॅमेबल’ही तेच. ‘एनर्व्हेट’ ऐकून ‘एनर्जी’ आठवते, पण अर्थ आहे गलितगात्र करणं. ‘नॉयसम’चा आवाजाशी संबंध नाही, तो किळसवाणा वास. ‘रेस्टिव्ह’ म्हणजे निवांत नव्हे, चुळबुळ करणारा, आवरेनासा झालेला. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःस्वार्थ, निःपक्ष. ज्याला रस नाही तो ‘अनइंटरेस्टेड’. आणि ‘पेनल्टिमेट’ म्हणजे सर्वश्रेष्ठ अशी समजूत दिसते, पण तो शालेय व्याकरणातला आपला ‘उपान्त्य’ आहे, शेवटून दुसरा.

विसरू नये म्हणून

हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं आणि पुढे हळूहळू विसरतं. यावरचा उपाय म्हणजे विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवणं, आणि दर वेळी मधलं अंतर वाढवणं. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी खोक्यांची पद्धत सुचवली. शब्द लिहिलेल्या चिठ्ठीचं उत्तर बरोबर आलं की ती पुढच्या खोक्यात जाते आणि उशिरा बघायची, चुकली की पहिल्या खोक्यात परत. आज ‘अँकी’सारखं मोफत सॉफ्टवेअर हे काम स्वतः करतं.

चिठ्ठी कशी बनवता यावर सगळं अवलंबून आहे. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ अशी चिठ्ठी फक्त ओळख वाढवते. त्याऐवजी पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य ठेवा, शब्दाचं पहिलं अक्षर द्या आणि मराठीत एक सूचक शब्द लिहा. मागच्या बाजूला पूर्ण वाक्य, देवनागरीत तोडलेला उच्चार आणि आघाताची खूण. उत्तर मनात न ठेवता मोठ्यानं म्हणा. रोज दोनच नवे शब्द घ्या आणि जुन्यांची उजळणी चुकवू नका. उजळणी साचली तर नवे शब्द थांबवा, उजळणी थांबवू नका.

सुरुवातीला घ्यावेत असे काही शब्द

‘प्लॉझिबल’, आघात ‘प्लॉ’वर. पटण्याजोगं, पण खरंच असेल असं नाही. ‘एक्स्प्लनेशन’, ‘एक्सक्यूज’ यांच्याबरोबर येतो. ‘हिज स्टोरी साउंड्स प्लॉझिबल, बट वी नीड प्रूफ.’

‘इग्-झॅ-सर-बेट’, आघात दुसऱ्या अक्षरावर. आधीच वाईट असलेलं आणखी बिघडवणं. ‘प्रॉब्लेम’, ‘टेन्शन्स’, ‘सिम्प्टम्स’ यांना लागतो, चांगल्या गोष्टीला कधीच लागत नाही. ‘डस्ट एक्झॅसरबेट्स हर ॲस्थ्मा’ म्हणताना ‘ॲस्मा’ असाच उच्चार करायचा, ‘टीएच’ मूक.

‘टेन्-ट-टिव्ह’, आघात पहिल्यावर. पक्कं न झालेलं, बदलू शकणारं: ‘अ टेन्टेटिव्ह डेट’. बिचकत केलेल्या कृतीलाही चालतो: ‘अ टेन्टेटिव्ह स्माइल’.

‘ॲम्-बि-व्ह-लंट’, आघात ‘बि’वर, पुढे ‘अबाउट’. एकाच वेळी हवंही वाटणं आणि नकोही वाटणं. ज्याला काहीच वाटत नाही तो ‘इंडिफरंट’. या दोघांची गल्लत करू नका.

‘रे-टि-संट’, आघात पहिल्यावर. स्वतःबद्दल, आपल्या भावनांबद्दल फार न बोलणारा. ‘शी इज रेटिसंट अबाउट हर पास्ट.’ एखादं काम करायला नाखूश असणाऱ्याला ‘रिलक्टंट’ म्हणावं.

‘स्क्रू-टि-नी’, आघात पहिल्यावर. बारकाईनं केलेली तपासणी. ‘क्लोज स्क्रूटिनी’, ‘कम अंडर स्क्रूटिनी’ या जोड्या तशाच पाठ करा.

‘कन्-टेन्-शस’, आघात दुसऱ्यावर. वाद ओढवणारा: ‘अ कन्टेन्शस इश्यू’.

‘म-टि-क्यु-लस’, आघात ‘टि’वर. बारीकसारीक गोष्टींतही चोख. स्तुतीचा शब्द आहे, ‘प्लॅनिंग’ आणि ‘रिसर्च’बरोबर चांगला बसतो.

लिहिताना आणि बोलताना

ओळखीचा शब्द आणि वापरातला शब्द यांत मोठं अंतर असतं, आणि ते वाचनानं पूर्ण भरत नाही. प्रत्येक नव्या शब्दाची तीन वाक्यं लिहा, आणि ती स्वतःच्या कामाबद्दल, माणसांबद्दल, खऱ्या घटनांबद्दल असू द्या. कोशातल्या वाक्याची नक्कल करून नाव तेवढं बदललं तर काहीच साधत नाही.

याहून दमदार सराव बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. ते तरुणपणी ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातला निबंध घेत, प्रत्येक वाक्याचा मुद्दा थोडक्यात टिपून ठेवत आणि मूळ मजकूर काही दिवस बाजूला सारत. मग टिपणांवरून तोच निबंध आपल्या शब्दांत लिहून मुळाशी ताडून बघत. आपला शब्दसाठा तोकडा पडतो हे त्यांना यातूनच उमगलं. मग ते गोष्टी पद्यात रचायचे आणि काही काळानं पुन्हा गद्यात आणायचे, कारण वृत्त आणि यमक सांभाळायला एकाच अर्थाचे वेगवेगळ्या मापाचे शब्द शोधावे लागतात. पद्य रचायची गरज नाही, पण पहिला भाग आठवड्यातून एकदा जरूर करा. आवडलेला एखादाच परिच्छेद पुरे. मुळाशी ताडताना दिसतं की जिथे आपण पाच शब्दांत फिरून आलो तिथे लेखकाला एक पुरला. तो एक शब्द वहीत घ्या. तो सहसा विसरत नाही, कारण त्याची गरज आधी जाणवलेली असते.

आपल्या जुन्या लेखनावरही हात फिरवा. प्रत्येक ‘व्हेरी’खाली रेघ मारा आणि पुढच्या विशेषणासकट त्याला एकच शब्द मिळतो का बघा. ‘व्हेरी टायर्ड’च्या जागी ‘एक्झॉस्टेड’, ‘व्हेरी इम्पॉर्टंट’च्या जागी कधी ‘क्रूशल’, कधी ‘व्हायटल’. प्रत्येक वेळी बदललंच पाहिजे असं नाही. साधा शब्दच नेमका असेल तर तोच ठेवा.

महत्त्वाच्या पत्रात किंवा अर्जात नवा शब्द पहिल्यांदा वापरू नका. आधी रोजनिशीत, मग मित्राला लिहिलेल्या मेलमध्ये, आणि खटकत नाही अशी खात्री झाल्यावर इतरत्र. बोलताना ऐनवेळी शब्द आठवला नाही तर थांबून शोधत बसू नका. साध्या शब्दांत वाक्य पूर्ण करा, आणि मोकळं झाल्यावर तो निसटलेला शब्द त्याच वाक्यासकट वहीत लिहा. दुसऱ्या दिवशीच्या उजळणीत तोच पहिला घ्या.